माळ्यावरचं खापर

अमळनेर तालुका,
९ नोव्हेंबर २०२५

चि. भैय्या,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी वेचणीवाल्या बायांच्या कापसाचा काटा करत होतो, म्हणून दोन शब्दांत बोलणं आटोपलं. फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतंही. तुझ्या आईनं त्या ढिगाबद्दल अजून अवाक्षर काढलेलं नाही, आणि ती गप्प बसली की घरात काय होतं ते तुला ठाऊक आहे. दोन दिवस वरणाला मीठ नव्हतं. मीही मागितलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी तू माळा साफ केलास. ओट्यावर ढीग लागला. पितळी पातेलं, तांब्याचा बंब, दोन घागरी, तुझा पाळणा, आणि ते पोळ्या भाजायचं मातीचं खापर. एकेक वस्तू हातात धरून तू तिला विचारत होतास, "वर्षभरात किती वेळा वापरलं?" ती सांगत होती, एकदा, दोनदा, पाळण्याला तर काहीच बोलली नाही. तू म्हणालास, "मग हे सामान नाही आई, हे ओझं आहे." तिनं ढिगावर पोतं टाकलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी तुला गाडीत बसवून मी परत आलो तर ओटा रिकामा. मला वाटलं, भंगारवाला आला आणि दिलं सगळं. पण नाही. दुखरा गुडघा धरून, शिडीच्या चारपाच फेऱ्या करून तिनं ते सगळं परत वर चढवलं होतं. शेजारच्या पोराला हाक मारली असती तरी चाललं असतं. मारली नाही.

आता तुला वाटेल की बाप रागावला. राग होता तो तू नोकरी सोडलीस तेव्हा होता, खोटं कशाला बोलू. सगळ्या गावाला मी सांगत फिरलो होतो की पोरगा हिंजवडीला मोठ्या पगारावर आहे. मग पारावर एक जण विचारतो, "तुना आंडोर घरच बठेल शे का?" पोरगा घरीच बसलाय का, म्हणून. काय सांगणार? मी सांगितलं, घरून काम करतो. तर म्हणे, "ते तर बाया बी करतस." ते ऐकून मी आठ दिवस पारावर गेलो नाही. खरं तर अमळनेरच्या माणसानं कॉम्प्युटरच्या नोकरीला इतकं डोक्यावर घ्यायचं काही कारण नव्हतं. विप्रो इथंच १९४५ साली वनस्पती तुपाची गिरणी म्हणून निघाली, कॉम्प्युटर त्यांनी मागून केले. तुपावरून माणूस कॉम्प्युटरवर जाऊ शकतो, तर कॉम्प्युटरवरून जरा इकडेतिकडे झाल्यानं आभाळ कोसळत नाही. हे मला आता सुचतं. तेव्हा सुचलं नाही.

या दिवाळीत तू मला तुझा जमाखर्च दाखवलास, तेव्हा मन निवलं. एकतीस वर्षं विकासोचा, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा, सचिव होतो मी. माणसाचा चेहरा नंतर बघतो, खातेउतारा आधी. दोघांचा मिळून महिन्याला ३८ हजार खर्च, फ्लॅट विकून कर्ज बेबाक, गाडी विकलेली, कुठलाही हप्ता नाही, आणि आठ महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला. काम आठवड्यातून चार दिवस. वर आठ वर्षांच्या जुन्या लॅपटॉपला नवी बॅटरी टाकून त्यावरच चाललंय. माझ्याही कॉम्प्युटरवर तू लिनक्स चढवून गेलास. दुकानदार मला म्हणत होता की ऑक्टोबरच्या १४ तारखेपासून विंडोज दहाला अपडेट बंद झाले, आता नवंच मशीन घ्या. तू म्हणालास, मशीनला काही झालेलं नाही. चाललंय व्यवस्थित, फक्त छापताना रुपयाचं चिन्ह कुठं गेलं ते सापडत नाही, तेवढं सांग.

हप्ता नसणं म्हणजे काय असतं ते तुझ्या वयाच्या माणसाला समजलं, याचं मला फार वाटतं. आमच्याकडे नवं-जुनं करायची रीत तुला माहीत आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज पडत नाही, हे खरं. पण मुद्दल तर एकदा आणून भरावी लागते. ३१ मार्च आला की माणूस सावकाराकडून आठ दिवसांच्या बोलीनं पैसे आणायचा, जुनं खातं मिटवायचा, नवं कर्ज उचलायचा आणि ते जसंच्या तसं सावकाराच्या हातात. आमच्या कागदावर वसुली झाली. सावकाराचं आठ दिवसांचं व्याज मात्र घरातलं गेलं. हे मी माझ्या सहीनं वर्षानुवर्षं केलंय. कंपनीत असताना तुझं काय वेगळं होतं? एक तारखेला पगार, पाच तारखेपर्यंत फ्लॅटचा, गाडीचा, अगदी हातातल्या फोनचासुद्धा हप्ता. ते तुझं महिन्याचं नवं-जुनंच होतं.

आणि मी तुला काय शिकवणार? लिंबाखाली उभी आहे ती चारचाकी बघ. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, गावात जो तो शोरूमच्या वाटेला. मला वाटलं, सचिवाच्या दारात पण एक असावी. जुनीच घेतली म्हणून मनाची समजूत घातली. पुढच्या हंगामात भाव सात-आठ हजारांवर आला, तरी गेल्या सालचा आकडा कोणाच्या डोक्यातून जाईना, म्हणून कापूस घरात भरून ठेवला. आपणही ठेवला. तू पुण्यात होतास. खाटेखाली कापूस, देवघराला टेकून कापूस, आणि उन्हाळ्यात त्यातल्या किड्यांनी सगळ्यांच्या अंगाला खाज. शेवटी आहे त्या भावात घातला. गाडीची वायर उंदरांनी खाल्ली, बॅटरी मेली. ती गाडी मी वर्षभरात किती वेळा वापरली हे तू मला विचारलं नाहीस. आईला खापराचं विचारलंस.

मला बोलायचं आहे ते एवढ्यावरच.

खापर वर्षातून दोन-तीनदाच खाली येतं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कधी पाहुणचाराला, कधी श्रावणात. पण अखाजीला ते आपल्या घरी किती वेळ असतं? मी या वेळी मुद्दाम आठवून मोजलं. आपल्या गल्लीत अकरा चुली आहेत जिथं खापराची पोळी होते, आणि खापर धड आहे फक्त तीन घरी. पहाटे घागर भरून झाली की आपलं खापर आधी समोरच्या घरी जातं, कारण त्यांची लेक सासरहून आलेली असते. तिथून कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे. आपल्या घरी पोळी व्हायला दुपारचा एक वाजतो. तू लहान असताना भुकेनं रडायचास आणि आई तुला कैरी देऊन गप्प करायची.

आणि नवं आणून त्याच दिवशी चुलीवर ठेवलं तर ते तडकतं. आधी मंद जाळावर शेकत शेकत मुरवावं लागतं, ओलं राहिलं तर गेलंच. आपलं काळं कुळकुळीत झालंय ते तीस वर्षांच्या पोळ्यांनी. पीठ वस्त्रगाळ करून, पाणी लावून लावून इतकं सैल मळायचं की ते परातीत राहत नाही, हातावर घ्यावं लागतं. मग पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत नेत मोठी करायची आणि एका झटक्यात उलट्या खापरावर टाकायची. हा झटका गल्लीत आता तुझ्या आईला आणि आणखी दोघींना जमतो. खापर ज्या घरी जातं, त्याच्याबरोबर तिलाही जावं लागतं. तिच्या गुडघ्याची तक्रार त्या दिवशी ऐकू येत नाही. हे खापर तुझ्या यादीत "वर्षात दोनदा" म्हणून बसलं.

पातेल्याचंही तसंच. शंभर माणसांचं वरण होतं त्यात. त्यावर तुझ्या आजीच्या माहेरचं नाव टाचलेलं आहे, तू वाचलंच नसशील, राखेनं घासून घासून अक्षरं बुजत आली आहेत. आजवर आपल्या घरच्या पंगतीला ते चारदा लागलं असेल. दुसऱ्यांच्या पंगतींचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आणि त्या बदल्यात कोणाची सतरंजी, कोणाची बैलगाडी, कोणाचा पंप आपल्या दारात यायचा, त्याचाही नाही. आम्हा सचिवांचे पगार काही वर्षं सहा-सहा महिने व्हायचे नाहीत. तेव्हा घर चाललं ते काटकसरीनं नाही रे. काटकसर करायला काहीतरी असावं लागतं. चाललं ते या देण्याघेण्यावर.

पुण्याला तुझ्याकडे जानेवारीत आलो होतो. घर मोकळं, भिंती मोकळ्या, स्वयंपाकघरात चार ताटं. चांगलं वाटलं, डोळ्याला थंड. पण दोन दिवसांत तीन वेळा जेवण बाहेरून आलं आणि नऊ प्लास्टिकचे डबे जमले. आईनं ते धुऊन पिशवीत भरून आणले, त्यात आता तिखट आणि धने आहेत. माझी कुरबुर नाही, तुमच्या दोघांच्या कामाच्या वेळा मी पाहिल्या, सूनबाई शाळेतून दमून येते. पण घरात पातेलं नसणं आणि घरात कमी असणं, या दोन गोष्टी मला त्या नऊ डब्यांकडे बघून वेगळ्या वाटल्या. तू काय म्हणशील माहीत नाही.

तू त्या दिवशी गांधीजींचं नाव काढलंस. तुझे आजोबा लहानपणी फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले होते, १९३६ च्या डिसेंबरात. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, गांधीजींचाच आग्रह. भाषण त्यांना एकही आठवत नव्हतं. आठवत होतं ते बांबूचं काम. चित्रकार नंदलाल बोसांनी तिथं गावाकडच्याच सामानातून सगळं उभं केलं होतं, आणि आजोबा म्हणायचे, "आपल्या खळ्यावरचंच सामान, पण असं बांधलं होतं की वळून वळून बघावं." तिथल्या साधेपणात हजारो माणसं एका पंगतीला होती. तू मात्र एकटाच तुझ्या खोलीत बसून वस्तू मोजतोस. मी हे टोचून बोलत नाही. बोलतोय खरा, पण टोचायचं नाही.

दोन कामाच्या गोष्टी. कंपनीचा विमा गेला, त्यात आम्ही दोघंही होतो. आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला त्याच विम्यानं तारलं होतं. तुझ्या ३८ हजारांत विम्याचं कलम मला दिसलं नाही. तिथं साधेपणा करू नकोस, तुमचा दोघांचा याच महिन्यात काढ, आमचा हप्ता मी पेन्शनीतून नाही, कापसातून भरीन. (पेन्शन नाही मला, हे तू विसरला असशील म्हणून लिहिलं.) दुसरं, तुझ्या त्या बाहेरच्या क्लायंटनं तीन महिने पैसे अडकवले म्हणालास. वसुली मुदत संपल्यावर करायची नसते. मुदतीच्या आधी आठ दिवस जाऊन चहा प्यायचा आणि घरच्यांची विचारपूस करायची, पैशाचा विषयच काढायचा नाही. समोरचा समजतो. तुला चहाला जाता येणार नाही, पण आधी आठ दिवस एक चांगली चिठ्ठी टाकता येईल. आणि ॲडव्हान्स टॅक्सची १५ मार्च विसरू नकोस. मार्चअखेर माझी सुटली, तुझी लागली.

वेचणी दुसरी चालू आहे. दादर ज्वारी पेरून झाली. कुत्री व्यायली, चार पिल्लं आहेत, आई म्हणते एकही देणार नाही.

अखाजीला दोघंही या. आता एप्रिलपर्यंत आई स्वतःहून शिडीवर चढणार नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय, तेव्हा खापर उतरवायला तूच लागशील. आणि ती गाडी इंटरनेटवर विकायला टाक. फोटो सोबत पाठवतोय, लिंबाचा पाला झाडून काढलाय.

तुझा,
आप्पा

ता. क. तुळशीचं लग्न लागलं, आता साखरपुडे सुरू झाले. येत्या रविवारी समोरच्यांकडे आहे, पातेलं आताच मागायला आले होते. पातेलं दिलं, पण झाकण सापडत नाही. ओट्यावर ढीग करताना तू ते कुठं ठेवलंस? आईनं विचारलंय. सहा दिवसांत तुझ्याबद्दल तिनं काढलेला हा पहिला शब्द आहे, लगेच फोन कर, आणि मला नको, तिला कर.