फोनवरच्या सिस्टरची ड्युटी कागदावर आणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दीर्घ आजाराच्या मुलांना घरबसल्या वैद्यकीय मदत, हा विषय निघाला की चर्चा डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलपाशीच थांबते. आमच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. इन्सुलिनचा डोस डॉक्टर ठरवतात, पण रोज टोचतो आम्ही, आणि अडतं ते तिथेच.

मध्यंतरी इन्सुलिन वाढवूनही साखर उतरेना. रुग्णालयातल्या सिस्टरनी फोनवर साखरेचे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘कॅमेरा पोटाकडे न्या. टोचता तिथून बोट फिरवा, टणक लागतंय का?’’ लागत होतं. तिथे कमी दुखतं म्हणून मुलगी तीच जागा पुढे करायची. सारखं एकाच जागी टोचलं की गाठ धरते आणि तिथून इन्सुलिन रक्तात कसंही उतरतं, कधी कमी, कधी जास्त. जागा बदलल्यावर तोच डोस भारी पडू शकतो, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारून तो आधी कमी करून घेतला. ओपीडीच्या गर्दीत पोटावरून बोट फिरवायला कोणाला सवड आहे?

दम्याचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) मूल नीट ओढतंय का, हेही असंच पाहावं लागतं. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिनं जाण्याचा आजार, असलेल्या मुलांच्या घरी लघवीतली प्रथिनं पट्टीने तपासतात; सलग तीन दिवस ‘तीन प्लस’ आलं की आजार उलटला असं धरतात. तिसऱ्या दिवसाची वाट पाहणाऱ्या आईला विचारायला कोणीतरी हवं.

आज हे सगळं सिस्टर ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या फोनवरून, केवळ माणुसकीने करतात. रुग्णालयांनी हा वेळ ड्युटीत धरावा, बोलणं केसपेपरवर नोंदवावं आणि शक्यतो एका मुलाला एकच सिस्टर द्यावी. दर वेळी नव्या आवाजाला पहिल्यापासून सगळं सांगायचं म्हटलं की फोन करणंच नको वाटतं. मात्र आकडीचा झटका पाच मिनिटांहून लांबला, मूल धापा टाकू लागलं किंवा गुंगीत गेलं, तर फोन लावत न बसता थेट रुग्णालय गाठायचं, हे पालकांना आधीच बजावलेलं असावं.

रात्री कोणाला फोन करायचा, हेही डिस्चार्जच्या कागदावर लिहून मिळावं. मुलीला उलट्या होत असताना इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, हे आता आम्हाला पाठ आहे. किती द्यायचं, ते मात्र विचारावंच लागतं.

– एक पालक