फोटो काढला की फॉर्म कोरा!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फैजपूरला माझं मोबाइल दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. परवा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एक अक्का आल्या. पदरात गुंडाळलेला मोबाइल काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "भाऊ, फोटो काढला का सगळं लिहेल पुसाई जातं. चार डाव भरलं. मले वाटलं, माझ्याच बोटाले समजत नही."

मोबाइल २ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी), मुलाने वापरून दिलेला. मी त्यांच्यासमोरच अ‍ॅपमधला पिकाच्या माहितीचा फॉर्म भरला. गट नंबर, क्षेत्र, पीक केळी, लागवडीची तारीख. कॅमेरा उघडला, फोटो काढला, बरोबरच्या खुणेवर टिचकी मारली. स्क्रीन क्षणभर पांढरी झाली आणि अ‍ॅप पुन्हा पहिल्या पानावर! गट नंबरसुद्धा राहिला नाही.

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच प्रकार मी वेगवेगळ्या तीन-चार अ‍ॅपमध्ये पाहिला आहे आणि कारण सगळीकडे एकच आहे. कॅमेऱ्याला मेमरी भरपूर लागते. कमी रॅमच्या फोनमध्ये तेवढी शिल्लक नसते, म्हणून अँड्रॉइड मागे गेलेलं अ‍ॅप बंद करून जागा करतं. अँड्रॉइड पहिल्यापासून असंच चालतं. अ‍ॅप बनवणाऱ्याने हे धरून चालायचं असतं आणि कॅमेरा उघडण्याआधी भरलेली माहिती फोनमध्ये जपून ठेवायची असते. तशी सोय अँड्रॉइडमध्येच दिलेली आहे. काम फार तर दोन-चार दिवसांचं. पण ८ जीबीच्या नव्या फोनवर तपासणी केली तर हा दोष सहसा दिसतच नाही, आणि तो भोगायला लागतो बांधावर उभ्या असलेल्या बाईला.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बऱ्याच मोबाइलच्या माहितीपत्रकात मात्र ० ते ३५ अंशांत वापरा असं छापलेलं असतं. दुपारी शेतात फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, उजेडही कमी करतो. मग उन्हात अक्षर दिसत नाही आणि माणूस अंदाजाने बोट लावतो. ते बोट कापूस वेचून, विळा धरून घट्टे पडलेलं, नाहीतर केळीच्या चिकाने माखलेलं. स्क्रीनला स्पर्श कळतो तो बोटामुळे तिच्यावरच्या विजेत होणाऱ्या सूक्ष्म फरकावरून, त्यामुळे कोरडं, जाड कातडं तिला नीट उमगत नाही. घामाचा थेंब पडला तर भलतंच बटण दाबलं जातं. बटण निदान ९ मिलिमीटरचं असावं असं अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. तरी 'जतन करा' आणि 'रद्द करा' एकमेकांना चिकटलेले फॉर्म माझ्या दुकानात रोज उघडले जातात.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून मोबाइल कंपन्यांवर बंधन घातलं आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आणि ७ वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यायचे, आणि बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के टिकली पाहिजे. असं बंधन आपल्याकडेही आलं पाहिजे, हे मी दुरुस्तीवर पोट असलेला माणूस म्हणून मनापासून म्हणतो. स्वस्त फोनचा डिस्प्ले दोन वर्षांत मिळेनासा होतो आणि चांगला चालणारा फोन भंगारात जातो. पण कायदा येईल तेव्हा येईल. फॉर्म कोरा होणं थांबवायला कुठल्याच कायद्याची गरज नाही.

शेतकऱ्यांसाठी, अंगणवाडीताईंसाठी अ‍ॅप बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नवी आवृत्ती लोकांच्या हाती देण्याआधी एकदा तरी २ जीबीच्या, तीन-चार वर्षं जुन्या फोनवर, नेटवर्क नसलेल्या वावरात भर दुपारी फॉर्म भरून पाहा. तसे फोन नसतील तर माझ्या खणात अकरा पडून आहेत, सगळे चालू. या आणि घेऊन जा, एक पैसा घेणार नाही.

अक्कांचा फॉर्म त्या दिवशी मी माझ्या फोनवरून भरून दिला. पुढच्या हंगामात त्या पुन्हा येतील, फोन तोच असेल.

आपला,
एक मोबाइल दुरुस्ती कारागीर
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव