एसटीच्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टरचं वाडीला पत्र

वाडीतल्या सगळ्या मावश्यांनो, आबा, तात्या आणि आता मिसरूड फुटलेल्या पोरांनो,

सप्रेम नमस्कार.

माझ्या शेवटच्या मुक्कामाला तुम्ही टॉवेल-टोपी दिलीत, नारळ हातात ठेवलात, आणि आबा म्हणाले, "मास्तर, तुमचं लई उपकार झालं वाडीवर." मला तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. सगळं उलटंच झालं होतं ते. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितोय. वाडीचं नाव तेवढं घालत नाही. शनिवार-रविवारी खाचरात उतरून, लावलेला भात तुडवत फोटो काढणाऱ्यांवर तुमचा किती जीव आहे ते मला माहीत आहे! भोरहून वरंधा घाटाकडं निघालं की नीरा-देवघरचं पाणी दिसायला लागतं, तिथून कुठंतरी आत वळायचं, एवढंच सांगतो.

सरकारदरबारी वाडी म्हणजे गावच नव्हे. पंचायत गट ग्रामपंचायत, तिचं कार्यालय खाली सात किलोमीटरवर. एक दाखला काढायचा तर अख्खा दिवस मोडायचा. सातबाऱ्यावर खालच्या गावाचं नाव, जनगणनेतही तुमची डोकी खालच्या गावात मोजलेली. एकोणीस घरं, आणि वाडीचं नाव लिहिलेल्या जागा दोनच: शाळेची भिंत आणि आमच्या गाडीची पाटी.

पहिल्या मुक्कामाला मी आणि ड्रायव्हर बिस्किटाचा पुडा घेऊन आलो होतो. गाडीतच खाऊन बाकड्यावर आडवं व्हायचं, असा बेत. तेवढ्यात थोरल्या घरातल्या मावशी कंदील घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गाडी आमच्या दारात झोपनार आन् मानसं उपाशी?" दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशानं यादी झाली. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे तसे आम्ही दोघं जेवलो, एकोणीस घरी, पाळीपाळीनं. नाचणीची भाकरी, पिठलं, पावसाळ्यात भारंगीची भाजी, आणि नशीब असेल तर खेकड्याचा रस्सा. ज्या घरी फक्त कांदा-भाकरी होती त्या घरानंही पाळी चुकवली नाही. उलट "आज तुमचा वार राहू द्या" म्हटलं तर चार दिवस अबोला. तुमचा तो अबोलाही भारी असायचा, तिकिटाचे पैसे हातात न देता सीटवर ठेवायचे!

2005 च्या जुलैअखेरचा पाऊस तुम्ही विसरला नसाल. खाली महाड तालुक्यात दरडी कोसळून माणसं गाडली गेली तेच दिवस. आपल्या रस्त्याच्या मोरीची बाजू वाहून गेली आणि गाडी वाडीतच अडकली. चार दिवस. तेव्हा मशीन नव्हतं, कागदी तिकिटांचे गठ्ठे पत्र्याच्या पेटीत असायचे. ते भिजले किंवा गहाळ झाले तर त्यांची किंमत कंडक्टरच्या पगारातून जाते. गाडीचं छत गळत होतं, मी पेटी पोटाशी धरून बसलेलो. वरच्या आळीतल्या आजींनी ती माझ्या हातातून ओढून घेतली. तिकिटं, रोकड, वेबिल म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, सगळं प्लास्टिकच्या खताच्या पिशवीत बांधलं आणि कणगीतल्या भातात खोल खुपसलं. वर कणगीला पाट लावला. म्हणाल्या, "भात भिजला नाय तर तुजं कागूदबी भिजायचं नाय." पाचव्या दिवशी आगारात हिशेब दिला, एक तिकीट इकडचं तिकडं नव्हतं. गठ्ठे उलगडताना टेबलावर भाताची तुसं सांडली. खजिनदार म्हणाला, "काय रे, मळणी करून आलास काय?" आजी गेल्या तेव्हा मी दुसऱ्या ड्युटीवर होतो, येऊ शकलो नाही. ते राहून गेलं.

पुढं मशीन आलं. तिकिटावर टप्प्याचं नाव छापून येऊ लागलं. चौथीतल्या एका पोरानं वाडीचं नाव असलेलं तिकीट वहीत चिकटवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो वही घेऊन माझ्यापुढं उभा. "मास्तर, नाव गेलं." त्या कागदावरची छपाई अशीच उडते, कोरी पांढरी पट्टी उरली होती. मी बॉलपेननं त्यावर वाडीचं नाव लिहून दिलं आणि खाली सही ठोकली. तो पोरगा आता पुण्यात कंपनीत आहे. वही अजून आहे म्हणतो.

2021 च्या दिवाळीला आमचा एसटीचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. पगार बंद. तुमचीही गाडी बंद होती, मुलं शाळेला चालत जात होती, दुखणाईत माणूस खाली न्यायचा तर दुधाच्या जीपला हात करावा लागत होता. शिव्या द्यायचा तुम्हाला हक्क होता. त्याच दुधाच्या जीपमधून माझ्या घरी दोन पायली इंद्रायणी आली. सोबत चिठ्ठी नव्हती. पोत्याचं तोंड सुतळीनं ज्या गाठीनं बांधलं होतं, ती गाठ मात्र ओळखीची होती. माझी बायको तो भात रांधताना आधी दोन दाणे देवापुढं ठेवायची.

आणि मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा थोरल्या मावशी भर गाडीत माझ्याशी भांडल्या. "पुरं तिकीट फाड. भारमान पडलं तर गाडी बंद करत्याल." भारमान, म्हणजे गाडी किती भरते त्याचा हिशेब, हा आगारातला शब्द तुमच्या तोंडी माझ्यामुळंच आला, हे कबूल करतो. उरलेले अर्धे पैसे सरकार भरतं, हे पटवायला मला तीन मुक्काम लागले. तरी उतरताना त्या म्हणाल्याच, "सरकारचं काय खरं नसतं."

तर मावशी, आबा, मनापासून आभार. माझी दोन्ही मुलं मोठी होत असताना मी कित्येक रात्री घरी नव्हतो, पण त्यांच्या आईला कधी "जेवला असेल का" ही काळजी पडली नाही. हे तिनंच मला परवा सांगितलं. तिलाही वाडी बघायची आहे.

चैत्रात वाडीच्या यात्रेला दोघं येतोय, मुक्कामी गाडीनंच. तिकीट काढूनच बसणार, एक पूर्ण, एक अर्धं. त्या दिवशी कोणाचा वार येतो तेवढं कळवा. आणि नव्या कंडक्टरला आधीच सांगून ठेवलंय, सकाळी वाडीतून गाडी निघताना डबल बेल मी मारणार.

तुमचा,
मास्तर