आगोटीत वाऱ्याचाही हिशोब धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल सरत आला की आम्हा कोकणातल्या बायकांची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल सुरू होते. भात कणगीत, सरपण पडवीत, सोलं, सुकी मासळी, पापड माळ्यावर. तोवर घर शाकारून झालेलं असतं. ही सगळी तयारी पावसाची. वारा छप्परच घेऊन गेला तर काय, हा विचार तिच्यात नाही.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा घराघरांत आगोट भरलेली होती. भर दुपारी कौलं-पत्रे उडाले आणि माळ्यावरचं सगळं भिजलं. आमच्या कणगीतल्या भाताला आठवड्याभरात मोड आले. कौलारू घरात स्लॅब असतो तो बहुधा न्हाणीघराला. वादळात आमचं अख्खं घर म्हाताऱ्या सासूबाईंसकट तिथेच उभं होतं. आता त्याच न्हाणीघरात मे अखेरीस घट्ट झाकणाची दोन पिंपं जातात. एकात महिन्याचं धान्य, दुसऱ्यात कोरडे कपडे, औषधं आणि प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, पासबुकं. थोडी रोकडही, कारण वीज गेली की एटीएमही गेलं.

घरावर झुकलेल्या माडांच्या वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ मे महिन्यातच उतरवून घ्यावेत. वादळात नारळ तोफगोळ्यासारखा येतो. सुटे पत्रे, फळ्या, कुंड्या आत घ्याव्यात. गुरं दावणीला बांधून ठेवू नयेत, गोठा पडला तर ती जागीच अडकतात. वारा एकाएकी पडला तरी बाहेर धावू नये. वादळाचा डोळा डोक्यावर असला तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, तोही तितक्याच जोराने. आणि घराचे, वाडीचे फोटो आधीच काढून ठेवावेत. पंचनाम्याच्या वेळी पडक्या भिंतीकडे बोट दाखवून ‘इथे पडवी होती’ सांगणं फार जड जातं.

खरे हाल वादळ गेल्यावर झाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरी तुडुंब, पण पंप बसवताना रहाट काढून टाकलेले. जनरेटरवाला येईल तेव्हा टाकी भरायची. एक कप्पी, दोर आणि पोहरा घरात असता तर ही लाचारी टळली असती. शे-पाचशे रुपयांचं काम आहे.

हवामान खात्याचे इशारे हल्ली वेळेवर येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘ताशी 100 ते 110 किलोमीटर’ ऐकून घरातल्या बाईने काय उचलायचं, हे कोणी सांगत नाही. शिवाय अरबी समुद्रातली वादळं पावसाळ्यानंतरही येतात. 2009 चं ‘फयान’ नोव्हेंबरात आलं होतं, तेव्हा तर आगोटही नसते.

1 मेच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवून फळ्यावर लिहाव्यात, अशी विनंती आहे: गावातली स्लॅबची कोणती इमारत आसऱ्याला उघडायची, तिची किल्ली कोणाकडे असेल, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना तिथवर कोण नेईल. पडलेली झाडं कापायला पंचायतीची एक मोटरकरवतही हवी. ‘निसर्ग’च्या वेळी रस्ते लोकांनी कोयत्या-कुऱ्हाडींनी मोकळे केले.

आपली,
एक वाचक, श्रीवर्धन (रायगड)