सहा तास कधीपासून मोजायचे, मंत्रिमहोदय?

मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ मागांवर टॉवेल काढतो. आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं.

गेल्या मंगळवारी सूतवाल्याचे पैसे भरायला मुलानं बँकेचं पान उघडलं. पत्ता बरोबर टाकला होता, पान मात्र चोराचं निघालं. ब्राउझरनं इशारा दिला, पोरानं तो बाजूला सारला, हे कबूल. पासवर्ड गेला, ओटीपी गेला, १ लाख ८४ हजार गेले. शनिवारी कामगारांचा पगार होता. बायकोच्या पाटल्या आता सराफाकडे आहेत. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर कळलं ते असं. आम्हाला नेट देणारा सगळ्या गिऱ्हाइकांचे राउटर ऑफिसात बसून एका सॉफ्टवेअरवरून चालवतो. अर्धं सोलापूर तरी त्याच्याच जोडणीवर असेल. त्या सॉफ्टवेअरला भोक होतं. बनवणाऱ्यांनी पॅच, म्हणजे भोक बुजवणारं ठिगळ काढलं, यांनी चार महिने टाकलंच नाही. चोर तिथून शिरला आणि आमच्या राउटरमधला डीएनएस, म्हणजे टाकलेल्या नावावरून पान कुठं आहे ते सांगणारा वाटाड्या, बदलून गेला. कुलूप आमच्या दाराला, चाव्यांचा जुडगा त्यांच्या खिळ्याला, आणि त्यांचं दार सताड उघडं! जाब विचारला तर तिथला पोरगा मलाच शिकवतो, "काका, २०२० मध्ये अमेरिकेत सोलरविंड्स नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या अपडेटमधूनच चोर घुसले, १८ हजार गिऱ्हाइकांपर्यंत पोचले. म्हणून आम्ही अपडेट जपून करतो." धन्य.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, १९३०, त्याला फोन लावला. उचलला, तक्रार नोंदवली, खोटं कशाला बोलू? तसा हा आकडा सोलापूरकराला पाठ करावा लागत नाही, त्या साली इथं मार्शल लॉ लागला होता. पण तक्रार क्रमांक घेऊन गेलो तर एक साहेब म्हणतात बँकेत जा, बँक म्हणते ओटीपी तुम्हीच दिलात.

आता तुमचा नियम. सर्ट-इनचा, म्हणजे तुमच्याच सायबर सुरक्षा यंत्रणेचा, एप्रिल २०२२ चा आदेश म्हणतो, असला प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. लक्षात आल्यापासून! ज्याच्या लक्षातच येत नाही, त्याचे ६ तास सुरू कधी व्हायचे? आणि कळवायचं तुम्हाला, गिऱ्हाइकाला नाही. २०२३ च्या डेटा कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड ठेवलात, तोही सरकारी तिजोरीत. लुटलं गेलो मी, वसुली तुमची. मला पाटल्या सोडवायच्यात हो.

२०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आमचं नाव आलं, केवढं कौतुक झालं होतं! नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते मात्र कुणी विचारू नये.

पॅच असून न टाकणाऱ्याचा परवाना रोखा. घरफोडी झाली तर गिऱ्हाइकाला मराठीत एक मेसेज धाडणं सक्तीचं करा. एवढंच मागणं.

आपला,
एक टॉवेलवाला, सोलापूर

ता. क. हे लिहिताना त्याच नेटवाल्याचा मेसेज आला: भाडं थकलंय, आज न भरल्यास जोडणी बंद. एवढं मात्र त्यांच्या सॉफ्टवेअरला लगेच दिसतं.