कान दुखायचा थांबला, पण ऐकू येत नव्हतं

मा. संपादक,
स. न.

लहान मुलाचा कान दुखणं हा एका रात्रीचा त्रास समजला जातो. औषध पोटात गेलं, मूल खेळायला लागलं की घरचे विसरतात. आम्हीही विसरलो होतो.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना सर्दीनंतर तिचा कान रात्रभर ठणकला. उपचार झाले, दोन-तीन दिवसांत कळ थांबली. पण पुढे ती हाकेला ओ देईना. पाठमोरी असली की चारचारदा हाक मारावी लागे, समोर जाऊन बोललं की लगेच उत्तर. मी तिला हट्टी ठरवलं. एकदा रागाच्या भरात हातातलं खेळणंही काढून घेतलं, ते अजून मनाला लागून आहे. शेवटी साडेतीन महिन्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानात मऊ बोंडी बसवून हवेचा हलका दाब दिला. पडदा नीट हलत असेल तर यंत्रावर डोंगरासारखा उंचवटा उमटतो. तिच्या दोन्ही कानांची रेषा सपाट आली. पडद्यामागे पाणी साचून राहिलं होतं.

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी लहान मुलांमध्ये आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद होते, आत पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात. ६ महिने ते २ वर्षं या वयात हे सर्वांत जास्त होतं. जंतू गेले तरी पाणी कित्येक आठवडे राहू शकतं. बहुतेक मुलांचं ३ महिन्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर ऐकण्याची तपासणी करायलाच हवी, कारण हेच वय बोलायला शिकण्याचं असतं.

निदानातही घाई होते. मूल कान ओढतंय म्हणजे संसर्ग झालाच असं नाही, झोप आली तरी मुलं कान ओढतात. जोरात रडल्यानेही पडदा लाल दिसतो. पडदा बाहेर फुगला आहे का, हे दुर्बिणीने कानात पाहिल्यावरच कळतं. म्हणून फोनवर औषध विचारू नये, आणि मागच्या वेळची उरलेली बाटली तर मुळीच काढू नये. २ वर्षांवरच्या मुलाला त्रास सौम्य असेल, तर तपासून झाल्यावर डॉक्टर कधी कधी वजनाप्रमाणे वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास वाट पाहतात. त्यांनी प्रतिजैविक लिहिलं नाही म्हणून नाराज होऊ नये. मात्र बाळ ६ महिन्यांच्या आतलं असेल, ताप ३९ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल, कान वाहत असेल, तर थांबू नये. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला किंवा मूल मलूल पडलं, तर तडक रुग्णालय गाठावं. वाहत्या कानात तेल नको, काडी नको, मनाने आणलेले थेंबही नकोत.

बचावाचे उपाय साधे आहेत: पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, बाटली द्यावी लागली तर बाळाला आडवं न ठेवता, न्यूमोकोकल आणि फ्लूची लस वेळेवर. धुराबाबत मात्र मी आग्रहाने लिहीन. ‘मी दुसऱ्या खोलीत ओढतो’ हे उत्तर चालत नाही. धूर खोलीच्या दारापाशी थांबत नाही आणि सिगारेटच्या धुरात वाढणाऱ्या मुलांचे कान जास्त बिघडतात.

डॉक्टरांना एक कळकळीची विनंती आहे. कानाच्या संसर्गावर औषध लिहाल, तेव्हा त्याच कागदावर कान पुन्हा दाखवण्याची तारीखही लिहा. आम्हाला ती कोणी दिली नव्हती आणि विचारायला हवी हे आम्हाला सुचलं नाही.

आपली,
एक वाचक आई