‘आयोवा’ युद्धनौकेच्या भेटीबाबत सहलीच्या सभासदांना सूचना

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार. नागपूरहून निघणाऱ्या आपल्या अमेरिका सहलीत लॉस एंजेलिसच्या सॅन पेड्रो बंदरात तरंगते संग्रहालय म्हणून जतन केलेली ‘आयोवा’ ही युद्धनौका पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवला आहे.

सुमारे 270 मीटर लांबीची ही नौका 1943 मध्ये सेवेत आली आणि त्याच वर्षी तेहरान परिषदेसाठी (दुसऱ्या महायुद्धातील मित्रराष्ट्रांच्या नेत्यांच्या बैठकीसाठी) निघालेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना तिने अटलांटिक पार करून नेले. चालता न येणाऱ्या रूझवेल्ट यांच्यासाठी बसवलेला न्हाणीटब आजही तेथे आहे. तो अवश्य पाहावा, कारण तोफांच्या भव्यतेइतकाच तोही इतिहास सांगतो. तीन बुरुजांतील नऊ तोफांपैकी प्रत्येकीचा चिलखतभेदी गोळा सुमारे बाराशे किलोंचा असे. दुसऱ्या बुरुजात 19 एप्रिल 1989 रोजी झालेल्या स्फोटात 47 नौसैनिक मृत्युमुखी पडले, म्हणून तेथे मोठ्याने बोलू नये व हसतखिदळत छायाचित्रे काढू नयेत, ही आग्रहाची विनंती.

नौकेवरील लोखंडी शिड्या उभ्या व अरुंद असून दारांचे उंबरठे उंच आहेत. त्यामुळे चपला न घालता घट्ट बुटच घालावेत, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालच्या मजल्यांचा हट्ट धरू नये; वरच्या डेकवरही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याला नागपूरच्या उन्हाची सवय असली, तरी बंदरावर गार वारा असतो, तेव्हा स्वेटर जवळ असू द्यावा.

येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता मंडळाच्या धरमपेठेतील कार्यालयात माहितीसभा होईल. नावे तेथेच निश्चित केली जातील.

– सहल समिती